शेवटचा तास

आमच्या शाळेचं वेळापत्रक मी करते. पेन्सिल, पट्टी, खोडरबर आणि शिक्षकांची यादी घेऊन बसलं की दोन संध्याकाळींत काम संपतं. दहावीचं इंग्रजी माझं, हे त्यात आधीच ठरलेलं असायचं. गेल्या वर्षी नांदेडहून इंग्रजीच्या नव्या मॅडम अहमदपूरला आल्या. त्यांना मी नववीचा शेवटचा तास दिला. कुणी विचारलं असतं तर म्हणाले असते, दुसरा बसत नव्हता. बसत होता.

शेवटच्या तासाला खेड्यांतून येणारी मुलं दप्तर मांडीवर घेऊन बसतात. एसटी चुकली की तासभर स्टँडवर. त्या वेळी कुणालाच शिकवता येत नाही, हे मला चांगलं माहीत होतं.

महिन्याभरानं पाहते तर घंटा झाली तरी वर्ग भरलेला. मी व्हरांड्यात थांबले. मॅडमनी एका मुलीला उभं केलं होतं.

"आय डोन्ट नो नथिंग," ती म्हणाली.

"दोनदा नाही म्हणालीस. म्हणजे काहीतरी येतंय की! ये फळ्यावर."

"मॅडम, खरंच कायच येत न्हाई!"

"मग इंग्रजीत एकदाच नाही म्हण."

"आय डोन्ट नो एनिथिंग!"

"फसली! एवढं तर आलं की!" मागच्या बाकावरून आवाज आला. वर्ग हसला, तीही हसली.

माझ्याकडे चुकांची वही आहे. हाच नियम तिच्यात लाल चौकटीत आहे. मुलं तो चौकटीसकट उतरवतात आणि पेपरात तीच चूक करतात. हसलं मात्र कधी कुणी नाही. पोटात दुखतं म्हणतात, ते खरोखर पोटातच दुखतं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्या म्हणाल्या, "ताई, तुमची चुकांची वही दोन दिवस द्याल? मुलं म्हणतात, तिच्यात सगळं आहे."

"घरी राहिली," मी म्हणाले. वही पर्समध्ये होती.

यंदा जूनमध्ये मुख्याध्यापक सर म्हणाले, "दहावीचं इंग्रजी कुणाला, ते तुम्हीच ठरवा. पालक तर नव्या मॅडमचं नाव घेऊन राहिले."

वेळापत्रकाच्या चौकटीत मी माझं नाव लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. कागद फाटायला आला तेव्हा त्यांचं लिहिलं. दुसरा तास दिला. मुलं ताजी असतात.

नववीचा शेवटचा तास आता मी घेते. घंटा झाली की दोन मिनिटांत वर्ग रिकामा होतो. वही त्यांनी पुन्हा मागितली नाही. मी अजून दिलेली नाही.