व्हर्नाने वॉरिकला लिहिलेलं पत्र

व्हर्ना सायझमोरबरोबर मी शाळेच्या स्वयंपाकघरात सोळा वर्षं काम केलं. रोज तीनशे मुलांचं जेवण. मुख्याध्यापकसुद्धा तिच्या मोठ्या पातेल्यात डोकावण्याआधी तिची परवानगी घेत.

तिचे वडील एल्बर्ट खाणीत एकतीस वर्षं राबले. कोळशाची धूळ छातीत बसली होती, दहा पावलं चालले की धाप लागायची. क्लीटस वॉरिकची गाणी म्हणजे त्यांचा जीव. तो आमच्याच डोंगरातला, खाणकामगाराचा मुलगा. एकाहत्तर साली जिल्ह्याच्या जत्रेत तो गाणार म्हटल्यावर एल्बर्ट थांबत, बसत, पुन्हा उठत मैदानाचा चढ चढून गेले.

वॉरिक आला तो झिंगून. एल्बर्टच्या आवडत्या गाण्याचं दुसरं कडवं विसरला, हसून वेळ मारून नेली आणि चार गाण्यांत मंचावरून उतरला.

"प्रवासाने दमला असेल बिचारा," परतताना एल्बर्ट म्हणाले.

व्हर्नाला राग आला तो या बोलण्याचा. त्याच आठवड्यात तिने वॉरिकच्या नावाने त्याच्या रेकॉर्ड कंपनीला पत्र धाडलं. तुम्ही पिऊन आलात, माझे वडील मात्र धापा टाकत चढ चढून आले होते, आता घरी येऊन ते गाणं पुरतं म्हणा. खाली पत्ता आणि घराकडे वळायची खूण.

ऑक्टोबरात एका रविवारी ती ओट्यावर घेवडा मोडत बसली होती. धुळीने माखलेली गाडी थांबली. वॉरिक एकटाच उतरला, हातात गिटार.

"पत्र तुम्हीच लिहिलंत का?"

"मीच. आज शुद्धीवर आहात ना?"

"सोडून चाळीस दिवस झाले, बाई."

"मग आत या. डॅडी जेवतायत."

त्याला आधी मक्याचा पाव आणि घेवडा वाढला. मग तो गायला. दुसऱ्या कडव्याला एल्बर्टही गाऊ लागले. दोन शब्द, मग श्वास, मग पुढचे दोन. वॉरिकने गिटार त्यांच्या श्वासाच्या लयीवर आणली आणि गाणं तसंच, सावकाश, शेवटापर्यंत नेलं. व्हर्ना सांगायची, त्या दिवशी घाई फक्त कोंबड्यांना होती. फेब्रुवारीत एल्बर्ट गेले.

पंचवीस वर्षांनी वॉरिकही गेला. त्याच्या चाहत्यांनी आठवणींचं पुस्तक काढायचं ठरवलं. मी मागे लागले म्हणून व्हर्नाने आपली आठवण लिहून पाठवली. चाहता मंडळाची सचिव डार्लीन फ्यूगेट स्वतः भेटायला आली. आठवण सुरेखच आहे म्हणाली, फक्त पिण्याचा उल्लेख गाळू या, त्याच्या घरच्यांना वाईट वाटेल.

व्हर्ना बटाटे सोलत होती. हात थांबले नाहीत.

"तो पिऊन आला नसता तर परत यायचं कारणच काय होतं?"

डार्लीन म्हणाली, लोकांना तो चांगला माणूस म्हणून आठवायला हवा.

"चांगलाच होता. पत्र फाडून टाकता आलं असतं त्याला. गाळायचं तर सगळंच गाळा, माझी हरकत नाही."

डार्लीनने कॉफी संपवली, कागद पर्समध्ये ठेवला. गाळलं काहीच नाही. उलट वसंतात चाहत्यांचा मेळावा भरला तेव्हा व्हर्नालाच पहिलं वाचायला उभं केलं. शाळेत पोरांना दटावायची त्याच आवाजात तिने वाचलं. मग मागच्या रांगेतला एक म्हातारा खाणकामगार टोपी काढून उभा राहिला.

"मी होतो त्या जत्रेत. इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो, कार्यक्रम झकास झाला. भिकार झाला होता."

हशा पिकला. वॉरिकची बहीण पहिल्या रांगेत होती, ती सगळ्यांत मोठ्याने हसली, डोळे पुसत. मग लोक खरं बोलू लागले. एकीला त्याने लग्नात गायचा शब्द देऊन चार तास ताटकळत ठेवलं होतं, आणि आल्यावर भांडी घासायलाही मदत केली होती. संध्याकाळचे सहा वाजले तरी कोणी उठेना. डार्लीनची वही भरली, तेव्हा ती पाकिटांच्या पाठीवर लिहायला लागली.