तिंकूत पडलेल्याचं काळीज

तिंकूच्या दिवशी दवाखान्याच्या फाटकावर राखण करणं म्हणजे जिवाशी खेळ. अकरा वर्षं करतोय. तिंकू म्हणजे आमचा मारामारीचा सण; वरच्या वाडीचे खालच्या वाडीच्यांना बुक्क्यांनी फोडतात. जमिनीवर रक्त सांडलं की बटाटा चांगला पिकतो म्हणे. पिकतो की नाही देव जाणे, फुटलेली नाकं मात्र आमच्याच दारात येतात.

एका मे महिन्यात तिंकूत पडलेल्या वरच्या वाडीच्या इलारियोनला ट्रकमधून आणलं. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, वाचा गेलेली. मागोमाग त्याचा भाऊ रुफिनो, खालच्या वाडीच्या फेलिसियानोला केसांना धरून फरफटत. याच्याच बुक्कीने इलारियोन पडला, अशी सगळ्यांची खात्री. माझ्या डोळ्यांदेखत अंगणात रुफिनोने फेलिसियानोचा जबडा मोडला, त्याच्या डोळ्यातून रक्त वाहू लागलं. मी मध्ये पडलो तर माझ्याच बरगडीत लाथ बसली.

"भाऊ मेला तर ह्याला इथंच ठेचतो!" रुफिनो धोंडा उगारून ओरडत होता.

आत तेओदोसिया कोल्के होती. हृदयाची सोनोग्राफी करणारी, पन्नाशीची, तोंडाने फटकळ. लकव्याचा कुठलाही पेशंट येवो, बाई त्याचं काळीज बघणारच. डॉक्टर वैतागायचे, ही ढिम्म. त्या दिवशी सीटी स्कॅनमध्ये कवटी धड होती, आत रक्तस्राव नव्हता. तिने इलारियोनच्या छातीवर यंत्र टेकवलं. काळजाचं टोक फुगलेलं आणि त्यात रक्ताची गाठ. तिचाच तुकडा सुटून मेंदूत अडकला होता.

ती तरातरा बाहेर आली आणि रुफिनोचं मनगट धरून त्याला आत यंत्राच्या पडद्यासमोर ओढलं.

"बघ, मुडद्या! ही गाठ बुक्कीने होत नाही. तुमच्या मातीच्या भिंतीत विंचुका ढेकूण आहेत ना? त्यांच्यामुळे होणाऱ्या रोगाने काळीज आतून झिजतं. वर्षानुवर्षं!"

"खोटं! तो तुझ्या वाडीचा, म्हणून वाचवतेस त्याला."

"माझा बाप असाच पडला होता तिंकूत. अस्संच वाकडं तोंड. समोरच्याला काकांनी धोंड्यांनी ठेचून मारलं. पुढे या कामाला लागले, असलं काळीज पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा कळलं. त्या माणसाने काही केलं नव्हतं रे."

"पाप तुझ्या काकांचं. तुला काय त्याचं?"

"धोंडे मी आणून देत होते," ती म्हणाली. "घागऱ्याच्या ओच्यात भरून. नऊ वर्षांची होते."

रुफिनो बाहेर अंगणात गेला. त्याने फेलिसियानोला स्वतः उचलून आत आणलं. फेलिसियानोचा डावा डोळा काही वाचला नाही.