मंगळसूत्रातल्या पिना

आमची ही मंगळसूत्रात सेफ्टी पिना अडकवून ठेवायची. चांगला झुबका असायचा. पदराला, ब्लाउजला, शेजारणीच्या तुटलेल्या हुकाला, कुणाला कधी लागेल सांगता येत नाही म्हणायची. मी म्हणायचो, "गळ्यात दुकान काढलंयस."

मी शाळा फार शिकलो नाही. विश्रांतवाडीला एका शेडमध्ये फिटर होतो. बाजार खुला झाला, तशी आमच्या मालकांकडंही कधी न ऐकलेली कामं यायला लागली. त्यातलंच एक चुंबकाचं. कुठल्याशा मोठ्या यंत्रात म्हणे बारीक कणांचा झोत पळवतात. तो वाटेत फाकतो, त्याला आवळून धरायला हे चुंबक. काम देणाऱ्या साहेबांनी सांगितलं त्यातलं मला एवढंच कळलं. मधे झोताला जायला भोक, भोवती लोखंडाची चार टोकं, त्यांच्यामागं चुंबकाचे ठोकळे. वीज लागत नाही. पितळी स्क्रू फिरवला की ठोकळे पुढंमागं सरकतात आणि जोर कमीजास्त होतो. साहेबांना हवा तेवढाच जोर लावण्यात माझी सगळी सकाळ गेली होती. संध्याकाळी ते न्यायला येणार होते.

दुपारी ही डबा घेऊन आली. लोखंड आत आणायचं नाही हे तिला माहीत होतं. स्टीलचा डबा शहाण्यासारखा बाहेर ठेवला, आत आली आणि "बघू तरी काय करताय" म्हणून वाकली. खट्! पिनांचा झुबका आत टोकाला चिकटला, त्याच्याबरोबर मंगळसूत्र आणि मंगळसूत्राबरोबर ही. पोत आखूड. हनुवटी चुंबकाला टेकलेली.

"अहो!"

"ओढू नकोस. तुटेल."

पिना अशा फटीत बसल्या की बोट जाईना. मालक धावत आले.

"वहिनी, मागची गाठ सोडा. दोन मिनिटांचं काम."

"नवरा समोर उभा असताना गळा मोकळा करू?" ही वाकल्या वाकल्याच म्हणाली. "तुमच्या घरी करत असतील."

मी पितळी पाना उचलला, तसे मालक ओरडले, "अहो, स्क्रूला हात लावू नका! सकाळची मेहनत जाईल. साहेब येतायत!"

"येऊ देत. चहा पाजा."

चारी स्क्रू मागं घेतले. ठोकळे सरकत गेले, तशी पकड ढिली झाली आणि पिना सुटल्या. ही सरळ झाली, मणी चाचपले आणि म्हणाली, "जेवून घ्या आता. भाजी गार झाली."

साहेब आले, अंधार पडेपर्यंत बसून राहिले. उशीर का, विचारलं तर मालक म्हणाले, "घरगुती अडचण."

त्या पिना पुढं एकमेकींनाच चिकटायच्या. एक मागितली की तीन यायच्या. ही मलाच बोल लावायची.

गेल्या वर्षी ती गेली. बायका म्हणाल्या, भाग्याची, सवाष्ण गेली. भाग्य कसलं डोंबलाचं! रिकामं घर त्यांना कुठं सांभाळायचंय?

न्यायच्या आधी मंगळसूत्र काढायचं होतं. गाठ जुनी, तेलानं दगड झालेली. मुलगा कात्री घेऊन आला. हलक्या आवाजात म्हणाला, "बाबा, कापू का? लोक खोळंबलेत."

म्हटलं, "ठेव ती कात्री. खोळंबू देत."

आणि नखानं गाठ सोडवत बसलो.