काजळ, उंबरा आणि वहीवरचं नाव

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ती बिचारी समजते की तिचा नवरा मशीनचा मास्टर आहे — सुरतेजवळच्या पलसाण्याच्या कितीतरी मिलांमध्ये मला याच नावाने हाक मारतात. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला कुठे भेटणार आहात? आणि आज मी खुशीत आहे. खुशीत असलो की माझं तोंड थांबत नाही.

आमच्या डाइंग मिलच्या ऑफिसात कपाटाएवढा एक प्रिंटर आहे. त्यात सुटे कागद चालत नाहीत. दोन्ही कडांना भोकं असलेला, घड्या घातलेला लांबच लांब कागद खोक्यातून वर चढतो आणि मागच्या बाजूला पुन्हा घडी होत उतरतो. प्रत्येक लॉटचं कार्ड त्यावर तीन प्रतींत छापायचं, ते कापडाबरोबर रंगखात्यात जातं. कार्ड चुकलं की रंग चुकला! नोकरीसाठी गेलो तेव्हा शेठने विचारलं, हे चालवता येतं का? मी म्हणालो, येतं. तोवर मी ते धूड पाहिलंसुद्धा नव्हतं. घरी लिंबायतच्या एका खोलीत आम्ही सहा जण — पण जाऊ दे, कारणं नकोत.

पहिल्याच दिवशी कागद जरा वर-खाली वाटला म्हणून मी बाजूची मूठ फिरवून तो हाताने सरकवला. मशीन चालू असताना! झालं. रंगाचा नंबर मीटरच्या चौकटीत, मीटर गिऱ्हाइक पार्टीच्या नावावर. दारात केर काढणाऱ्या वत्सलामावशी उभ्या होत्या. आमच्याच खानदेशातल्या. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, आत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, जवलोंग ती जागी शे, तवलोंग कागदले हात लावू नको. पहिले निजाड तिले."

एक बटण दाबून त्यांनी मशीन निजवलं. कागद जागेवर आणला. पुन्हा जागं केलं. पुढचं कार्ड — काय सांगू तुम्हाला — चौकटीत चौकट!

माझ्या आधीचा ऑपरेटर तासन्‌तास चहाला जायचा. कागद संपला की मावशीच नवा लावायच्या. कित्येक वर्षं. त्यांना अक्षर येत नव्हतं, म्हणून प्रत्येक गोष्टीला त्यांनी आपलं नाव दिलं होतं. भोकांत अडकणारे ते दात. शाईची पट्टी म्हणजे काजळ. कार्ड जिथून सुरू होतं ती रेघ म्हणजे उंबरा — कागद उंबऱ्याला लागल्याशिवाय छपाई सुरू करायची नाही. एका कार्डाने पुढे नेणारं बटण पाऊल, एका ओळीने नेणारं चिमूट. कागद अडकला की मशीनला ठसका लागला. आणि कडेच्या भोकांच्या पट्ट्या? काठ! सुरतेत राहून दुसरं काय म्हणणार?

महिनाभर मी शिकलो आणि महिनाभर आम्ही हसलो. ठसका काढताना माझे हात काजळाने काळे व्हायचे आणि मावशी म्हणायच्या, आता दृष्ट लागायची नाही. इंग्रजी पुस्तक मी चारदा वाचलं होतं, डोक्यात काही शिरलं नव्हतं. मावशींचा शब्द एकदा ऐकला की हात आपोआप चालायचा. इतका आनंद मला शाळेत कधी झाला नाही, खोटं नाही सांगत. घरी जाऊन मी सगळं वहीत उतरवून काढायचो, आकृत्यांसकट. सुबक वही झाली. वर मोठ्या अक्षरांत नाव घातलं — माझं.

आता इथून पुढे जीभ अडखळते.

दसऱ्याला मशीनची पूजा होती. मावशींनी काठ विणून झालर केली होती, झेंडूत मिसळून प्रिंटरवर बांधली होती. शेठच्या हातात माझी वही. भारी खूश होते. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "आ तने कोणे शीखवाड्युं?"

मावशी पेढ्यांचं ताट घेऊन माझ्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या.

"जाते ज शीख्यो, शेठ," मी म्हणालो. आपला आपण शिकलो.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी — नाही, थांबलो नाही. शेठ म्हणाले, दुसरं मशीन येतंय, त्यावर माणूस लागेल. इथे आणखी कुणाला हे काम येतं? मी इकडे-तिकडे बघितलं. बघितल्याचं नाटक केलं. आणि म्हणालो, ना, शेठ. कशाला म्हणालो? मावशी त्या खुर्चीत बसल्या असत्या तर माझं मास्टरपण दुपारपर्यंतही टिकलं नसतं. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय! शेठने मला शाल दिली. सगळ्यांत जोरात टाळ्या मावशींनी वाजवल्या. बाहेरून माणूस आणला गेला, आणि मावशी म्हाताऱ्या होईपर्यंत त्याच ऑफिसचा केर काढत राहिल्या. त्या दिवसापासून मला त्या भाऊ म्हणेनाशा झाल्या. सायेब म्हणू लागल्या.

वही मात्र फिरली. मी शिकवलेली माणसं मिलामिलांत गेली. परवा शेजारच्या मिलमध्ये एक ओडिया ऑपरेटर ओरडला, "दादा, काजल खतम!" आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. अजून चढतं. ते मावशींचं आहे हे ठाऊक असून चढतं — बोला!

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मावशींनी गोडादऱ्याला आपल्या घरी जेवायला बोलावलं. खापरावरची पुरणपोळी, आमरस, माहेरी आलेल्या लेकी, दारात झोका, गाणी, नुसती धमाल. मी ठरवून गेलो होतो: आज सांगायचं. मावशींनी मला पाटावर बसवलं, ताटात तिसरी पोळी टाकली आणि विचारलं, नव्या मशीनचे दात झिजले का, तीन प्रतींचा कागद अजून ओढतं का? धाकटी लेक हसून म्हणाली, "आई, तुले मशीनबद्दल इतलं कसं माहीत वं?"

आता बोल, मी स्वतःला म्हटलं. तोंड उघडलंही होतं.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. सरळ, डोळ्यांत डोळे घालून. मग लेकीकडे वळून कौतुकाने म्हणाल्या, "या सायेबनी शिकाडं माले. नही ते माले काय समजस?"

सगळ्या लेकी माझ्याकडे बघू लागल्या. मी म्हणालो, हो.