बोझेनाबाई आणि बोईसर नाक्यावरची एसटी

साठच्या दशकातली गोष्ट. नारळी पौर्णिमेच्या दुपारी दांडी गावात, देवळापुढच्या मांडवात बोझेनाबाई गायला उभ्या राहिल्या… आणि मी मनातल्या मनात ओळी घोकायला लागले. त्या गाण्याचं मराठी मी केलं होतं ना!

आधी बाई कोण ते सांगते. तारापूरला तेव्हा अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं. परदेशी इंजिनियर बायकामुलांसह कॉलनीत राहायचे. त्यातल्या एका अमेरिकन साहेबांच्या या मिसेस.

मी मूळची सफाळ्याची, मॅट्रिक होऊन बोईसरला मामांकडे आलेली. मामा त्याच बांधकामावर कारकून. त्यांनी साहेबांना ठोकून दिलं, भाचीला इंग्रजी उत्तम येतं, बाईंना मराठी शिकवेल. मला इंग्रजी वाचता यायचं, बोलायची बोंब… पण बाईंचंही इंग्रजी उसनंच निघालं. आमचं झकास जमलं!

बाई स्लोव्हाक. "म्हणजे चेक ना?" असं मी विचारलं, तर उसळल्याच. दांडीहून मासळी घेऊन येणारी काशीबाय पायरीवर बसली होती. तिला मी भांडण समजावून सांगितलं, की चेक आणि स्लोव्हाक राहतात एकाच देशात, पण लोक वेगळे, तर म्हणाली, "म्हंजे बोंबील आन् मांदेली. जालं एक, पन मासं वेगलं." बाईंना ते इतकं आवडलं की पुढे त्या सगळ्यांना तसंच सांगायच्या.

मी त्यांना 'नाही' शिकवायची, आणि काशीबायशी भाव करता करता त्या 'नाय' शिकायच्या. त्यामुळे बाईंचं मराठी माझ्यापेक्षा दांडीचंच जास्त झालं…

शिकवणीत त्या स्वतःबद्दल सांगायच्या. वडील डोंगरातल्या एका लहान गावात शिंपी. बाई कोवळ्या वयात घर सोडून ब्रातिस्लाव्हाच्या नाटक कंपनीत गेल्या. तिथे मोलकरणीचे पार्ट. ट्रे घेऊन यायचं, ट्रे घेऊन जायचं.

एकदा जाता जाता त्यांनी मनाच्याच दोन ओळी गुणगुणल्या. अख्खं थिएटर हसत सुटलं. मॅनेजरने आधी यथेच्छ झापलं… आणि दुसऱ्या दिवशी गाणं दिलं!

मग कॅफे झाले, रेडिओ झाला, दोन सिनेमेही झाले. त्या गायच्या त्या प्रकाराला शांसों म्हणतात. त्यात गळ्यापेक्षा गोष्ट मोठी… अर्धं गायचं, अर्धं बोलायचं, उरलेलं डोळ्यांनी सांगायचं.

पुढे देशात राजवट बदलली आणि बाईंची गाणी रेडिओवर लागेनाशी झाली. त्या पॅरिसला गेल्या, तिथे साहेब भेटले, लग्न झालं. मग त्यांच्या नोकरीपायी आज या धरणावर, उद्या त्या वीजकेंद्रावर.

अमेरिकेत एकदा त्या गायल्या. लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या, पण हसलं कोणीच नाही. शब्दच कळले नव्हते. त्या दिवसापासून बाईंनी गाणं सोडलं. मला म्हणाल्या, "टाळ्या कुनी पन वाजवते, कुसुम. हसायला समजावा लागते."

हे काशीबायच्या कानावर गेलं आणि तिने हुकूमच सोडला. "पुनवेला आमच्याकडं या. गानं म्हना."

"तुमाला समजनार नाय," बाई म्हणाल्या.

"मंग समजंल असं म्हना की!"

झालं! आम्ही दोघी कामाला लागलो. त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं होतं ट्रामच्या स्टॉपवर प्रियकराची वाट बघणाऱ्या पोरीचं. ट्रामा येतात, जातात, ही चढत नाही. शेवटी अंधार पडतो आणि ती तशीच उभी असते.

दांडीत ट्राम कोणाला ठाऊक? मी ट्रामची एसटी केली आणि पोरीला बोईसर नाक्यावर उभी केली.

तर… मांडव. साथीला काही नाही. पहिल्या ओळीला सगळं चिडीचूप. मला वाटलं, बुडालो.

मग पहिली एसटी आली. बाईंनी नुसती मान वळवून ती जाताना दाखवली आणि धुरळा गेल्यासारखा डोळा चोळला. मागे कोणीतरी खुदकन हसलं.

"ड्रायव्हर म्हणतो, चढ पोरी, जागा हाय… मी म्हणते, दादा, मला घाई नाय!"

मांडव नुसता फुटला! बायका एकमेकींच्या पाठीत गुद्दे घालून हसत होत्या. ओळ पुरी व्हायच्या आत हसत होत्या.

शेवटची एसटी आली. तेवढ्यात पुढे बसलेली काशीबाय ओरडली, "आगो चढ! त्यो मेला नाय येनार!" आणि सगळ्या बायका सुरू झाल्या… "चढ गो, चढ!"

बाई थबकल्या. गाण्यात तर ती चढत नाही. मी पुढची ओळ ओठातल्या ओठात पुटपुटत होते, पण बाईंचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. कंबरेवर हात ठेवून त्यांनी काशीबायला विचारलं, "आनि तो आला तर?"

"आला तर येल चालत!"

बाई खळखळून हसल्या… आणि चढल्या! फ्रॉक सावरला, हवेतच दांडा धरला, एक हिसका खाल्ला. पुढच्या ओळी तिथल्या तिथे जुळवल्या, थोड्या स्लोव्हाक, थोड्या दांडीच्या. कोणीतरी ढोलकी घेतली. मग काय, मांडवातली एकही बाई बसलेली राहिली नाही.

परतताना जीपमध्ये बाई डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. "इतकी वर्सं ती पोरगी तिथंच उभी होती, कुसुम. कुनी तिला चढ म्हनालाच नाय."

त्यानंतर बाई गायच्या थांबल्या नाहीत. कॉलनीत गायल्या, बोईसरच्या शाळेत गायल्या. काम संपल्यावर साहेबांची बदली व्हिएन्नाला झाली. तिथल्या एका लहानशा थिएटरात त्या पुन्हा उभ्या राहिल्या, गाणी म्हटली, पुढे आजीबाईंचे पार्ट केले… अगदी म्हातारपणापर्यंत.

कलेला भाषा लागत नाही असं म्हणतात. असेलही. पण त्या दुपारी बाईंना भाषाच हवी होती… मध्येच तोंड घालणारी, हक्काने दटावणारी. ती त्यांना आमच्या दांडीत मिळाली, आणि तिच्यात माझेही चार शब्द होते… याचं सुख मला आजतागायत पुरलंय.