ओढ्यापलीकडची शाळा आणि आमच्या बाई

अनसूयाबाईंची आणि माझी पहिली भेट देवळाच्या सभामंडपात झाली. सहायक शिक्षक म्हणून नेमणुकीचा हुकूम खिशात घालून मी पौडाहून पायी आलो होतो. नव्या वहाणांनी दोन्ही टाचा सोलून काढल्या होत्या. शाळा तिथेच भरे आणि बाई चौथीच्या मुलांना भागाकार शिकवत होत्या. मी नमस्कार केला आणि हुकूम पुढे धरला. बाईंनी तो न वाचताच विचारलं, "पोहता येतं का?"

"थोडंसं," मी म्हणालो.

"थोडंसं म्हणजे येत नाही. मग पावसाळ्यात ओढ्याच्या वाटेला जाऊ नका. आता पहिलीतली मुलं तुमची. ती बघा, नंदीवर चढली आहेत."

बाई विक्षिप्त आहेत, असं माझं त्या दिवशी मत झालं. त्यांना साठ वर्षं पूर्ण होत असताना हा गौरवलेख लिहायला बसलो आहे, तरी ते मत मी मागे घेतलेलं नाही. त्या विक्षिप्तपणाने आमच्या गावाचं काय भलं केलं, तेवढं मात्र सांगायला हवं. गौरवग्रंथाच्या बाहेरगावच्या वाचकांना ते ठाऊक असण्याचं कारण नाही.

आमचं गाव ताम्हिणीच्या वाटेवरचं. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि माणसं वर डोंगराच्या अंगाला सरकली. गावठाण ओढ्याच्या अलीकडे वसलं. पलीकडे धनगरवाडा आणि कातकऱ्यांची वस्ती. हा ओढा उन्हाळ्यात इतका गरीब की शेळीसुद्धा खूर न भिजवता पार होई. एकदा का मिरग लागला, की भल्याभल्यांची त्यात पाय घालायची छाती होत नसे. त्यामुळे पलीकडची मुलं पावसाळ्याचे चार महिने घरी बसत आणि दिवाळीनंतर शाळेत येत, तेव्हा पाटी अगदी कोरी झालेली असे. पुन्हा ग म भ न. चिमी नावाची धनगरवाड्यातली एक चुणचुणीत पोर अशी वर्षानुवर्षं पहिलीतच बसलेली मी पाहिली. तिची उंची वाढत होती, इयत्ता वाढत नव्हती. बाईंना हे सहन होत नसे. दर पावसाळ्यात त्या पलीकडच्या मुलांच्या मोकळ्या जागेकडे पाहत आणि उगाचच आमच्यावर डाफरत.

बाईंना राग फार लवकर येतो, हे इथेच सांगून टाकतो. गौरवलेखात असं लिहू नये म्हणतात. पण हा ग्रंथ त्या स्वतः वाचणार आहेत आणि खोटं लिहिलं तर पहिला खडू मलाच बसेल. त्यांना स्वयंपाकही येत नाही. मला हिवताप आला तेव्हा त्यांनी सात-आठ दिवस माझा वर्ग सांभाळला, रोज संध्याकाळी खोलीवर येऊन तांदळाची पेज करून घातली. ती पेज दररोज खाली लागलेली असे. उशाशी बसून त्या म्हणायच्या, "चव बघू नका, गिळा." आईच्या पश्चात माझ्यासाठी इतक्या मायेनं कुणी काही करपवलं नव्हतं.

तर मूळ गोष्ट. एका वर्षी डिपोटीसाहेब शाळा तपासायला आले आणि जाताना सांगून गेले की गावाने जागा दिली आणि अंगमेहनत केली, तर इमारतीला मदत मिळेल आणि पाचवी ते सातवीचे वर्गही उघडतील. दिवाळीपर्यंत गावाचा एकमताचा ठराव पाहिजे. नाही तर मंजुरी दुसऱ्या गावाला. गावात आनंदीआनंद झाला. चौथीनंतर मुलांना शिकायला पौडाला ठेवावं लागे. दगडू पाटलांचा नातू सदाशिव तिथे मावशीकडे राहत होता आणि दर सुट्टीत परत जायच्या वेळी अंगणातल्या खांबाला मिठी मारून रडत असे. एकूण एक घराला शाळा हवी होती. फक्त ती कुठे बांधायची, यावर गाव फुटलं.

पाटलांनी देवळाशेजारची आपली जागा देऊ केली. चांगली, सपाट, गावठाणाला लागून. देवळात सभा भरली. गावठाणातली मंडळी आत बसली, पलीकडची पायऱ्यांवर. बाई सोडल्या तर बायका नव्हत्याच. बाईंनी पलीकडच्या मुलांचा प्रश्न काढला. पायऱ्यांवरून एक म्हातारा धनगर म्हणाला, "आधी साकव बांधा. किती वर्सं सांगतुया."

साकव म्हणजे ओंडक्यांचा आणि बांबूचा पूल. तो हवा हे सगळ्यांना पटत असे आणि तो कुणीच बांधत नसे. गरज पलीकडच्यांची, लाकूड नि माणसं अलीकडची. आतून कुणीतरी म्हणालं, "शाळंचं बोला. साकवाचं मागनं बगू."

"मागनं म्हंजी आमचं मढं गेल्यावर व्हय?" म्हातारा उसळला.

पाटील उठले. धोतर झटकलं. "धरणात आमची चांगली जिमीन गेली. उरल्यालीतली बरी देतुया, तर त्यात बी खोट काडतासा? ऱ्हाऊ द्या मग." आणि ते चालू लागले. पाटील गेले म्हणून गावठाण गेलं, गावठाण गेलं म्हणून पायऱ्या रिकाम्या झाल्या. दुसरी सभा तशीच मोडली. तिसऱ्या सभेला तर पाटलांनी बसायच्या आधीच धोतर झटकलं.

तोवर आषाढ उजाडला आणि भाताची लावणी, आमच्याकडची आवणी, सुरू झाली. आमच्याकडे मोठ्या खाचराची आवणी इर्जिकीने होते. ज्याचं खाचर त्याने साऱ्यांना बोलवायचं, साऱ्यांनी मिळून लावणी उरकायची आणि त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. आवणीच्या दिवसांत पलीकडची माणसं अलीकडेच, खाचरांच्या बांधावर खोपटी घालून राहत. इर्जिकीची एक रीत अशी की, धरलेली ओळ पुरी केल्याशिवाय कुणी बांधावर चढायचं नाही. दुसरी अशी की, यजमानाने त्या दिवशी आवाज चढवायचा नाही. पाटलांची इर्जिक ठरल्याचं कळलं तेव्हा बाईंनी मला सांगितलं, "उद्या शाळेला सुट्टी. आपण आवणीला जायचं."

"बाई, मला लावणी येत नाही."

"मला तरी कुठे येते?"

दुसऱ्या दिवशी नऊवारीचा काचा मारून, डोक्यावर इरलं घेऊन बाई गुडघाभर चिखलात उतरल्या. त्यांच्या एका हाताला पाटलांच्या पत्नी, ज्यांना सारं गाव काकी म्हणतं, आणि दुसऱ्या हाताला चिमीची आई ठकूबाई. बाईंनी लावलेली रोपं दारू प्यायल्यासारखी झुकत होती. ठकूबाई मागून हळूच ती सरळ करत होत्या आणि अख्खी ओळ तोंडाला पदर लावून हसत होती. पुरुष रोपांच्या मुठी पुरवत होते. पाटील स्वतः रोपांचं ओझं घेऊन फिरत होते. असं सगळं गाव, आतलं आणि पायऱ्यांवरचं, एकाच पाण्यात उभं राहिल्यावर बाईंनी मान वर न करता विषय काढला.

"काकी, सदाशिव गेला का पौडाला?"

"गेला की. दोन दीस जेवला न्हाई म्हनं," काकी म्हणाल्या आणि त्यांचे हात थांबले. "आमी काय बोलनार? सभा बाप्यांची. हे धोतर झटाकतात नि घरी येऊन माज्यावर राग काडतात."

ओळीत खसखस पिकली. पाटलांच्या कानावर सगळं जात होतं. पण खांद्यावर ओझं होतं आणि इर्जिक त्यांचीच होती.

"आन् माजी चिमी?" ठकूबाई म्हणाल्या. "तिला तर पौड बी न्हाई नि हितलं बी न्हाई. शाळा देवळापाशी बांदा न्हाईतर सोन्याची बांदा, पावसात आमाला ती दिसनार बी न्हाई."

"मग शाळा पलीकडे बांधू," बाई म्हणाल्या.

सगळी ओळ थबकली. एरवी या वाक्यावर सभा मोडली असती. इथे मोडायची कशी? ज्याच्या त्याच्या हातात मूठ होती.

"पलीकडं?" पाटलांना राहवेना. "मंग आमची पोरं कशी जातीली वढ्यातनं?"

"साकवावरून."

"साकव कुटं हाय?"

"शाळा अलीकडे झाली तर कधीच होणार नाही, पाटील," बाई म्हणाल्या. "धनगरवाड्याने इतकी वर्षं मागितला, मिळाला नाही. तुमच्या सदाशिवला पलीकडे जायचं असलं, की होईल. तुम्ही एक पावसाळासुद्धा थांबणार नाही."

मी पाटलांकडे पाहिलं आणि मला वाटलं, आता हा माणूस रीतभात विसरून आपल्याला खाचरातून हाकलून देणार. त्यांनी ओझं बांधावर ठेवलं. मग ते पलीकडच्या माळाकडे बघू लागले. तो माळही त्यांचाच होता, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

"जागा तुमचीच घेणार," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "शाळेला नाव दुसऱ्या कुणाचं लागायचं नाही."

"बाई," पाटील म्हणाले, "तुमी मास्तरीन झालासा, त्ये बरं झालं. वकील झाला असतासा तर आमचं ऱ्हायल्यालं बी गेलं असतं." मग काकींकडे वळून, "तुजं काय म्हननं?"

"माजं म्हननं इचारताय?" काकी म्हणाल्या. "पोरगं घरी जेवू द्या. मंग शाळा डोंगरावर बांदा."

ठराव असा चिखलात झाला. कागदावर तो नंतर उतरला, दिवाळीच्या आत. जेवायला बसताना पाटलांनी म्हाताऱ्या धनगराला आपल्या शेजारी बसवून घेतलं. आणि त्याला आमटी स्वतः वाढली.

पुढचा उन्हाळा सगळा साकवात आणि भिंतींत गेला. आधी साकव झाला, मग शाळा. बाई म्हणाल्या होत्या तसंच. पाटलांनी आपल्या बांधावरचं आंब्याचं जुनं झाड तोडून दिलं, धनगरवाड्याने बांबू वाहिले. त्या पावसाळ्यात चिमी पहिल्यांदाच आषाढात वर्गात होती. हजेरी घेताना बाईंनी तिचं नाव उच्चारलं, ती "हजर" म्हणाली, आणि बाई पुढचं नाव घ्यायचंच विसरल्या. मग माझ्यावर डाफरल्या, "काय बघताय? खिडकी लावा, पाणी आत येतंय." पाणी कुठूनच येत नव्हतं.

बाई सेवानिवृत्त झाल्या तेव्हा सर्वांनाच वाटलं होतं की त्या पुण्याला भावाकडे जातील. त्या गेल्या नाहीत. गावठाणातच एका खोलीत राहतात आणि रोज सकाळी शाळेत येऊन बेसूर प्रार्थना म्हणतात. शाळेची प्रार्थना त्यांनीच शिकवली असल्यामुळे आमची मुलंही पिढीजात बेसूर आहेत.

यंदाच्या श्रावणातली गोष्ट सांगतो आणि थांबतो. ओढ्याला कधी नव्हे असा पूर आला आणि साकव वाहून गेला. सकाळी पाणी ओसरल्यावर मी काठावर पोचलो तो गावठाणातली माणसं ओंडके घेऊन आधीच उतरली होती आणि पलीकडून धनगरवाडा, कातकरीवस्ती दोर टाकत होती. कुणाला कुणी बोलावलं नव्हतं. कुणी ठराव मांडला नव्हता. दुसऱ्या दिवशी शाळा भरली. बाईंना हे कळलं तेव्हा सारं उरकलं होतं. त्या काठी टेकत ओढ्यावर आल्या आणि पाटलांवर बरसल्या, "मला का बोलावलं नाही?"

आता खूप थकलेले पाटील म्हणाले, "बाई, तुमची गरजच लागली न्हाई."

मी घाबरून बाईंकडे पाहिलं. नव्या साकवावरून मुलं इकडून तिकडे पळत होती, कोण अलीकडचं नि कोण पलीकडचं ते ओळखू येत नव्हतं. बाई डोळे पुसत उभ्या होत्या आणि या खेपेला खिडकीचं निमित्तही त्यांच्याजवळ नव्हतं.

बाई, तुमची गरज साकवाला लागली नाही, ती आम्हाला आहे. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, गुडघे धड राहोत, आवाज असाच खणखणीत राहो, आणि आमच्यावर डाफरायला तुम्ही रोज सकाळी ओढ्यापलीकडे चालत येत राहा.