मागच्या महिन्याचे पाच शब्द

स्फोटात डोक्याला मार लागलेल्या जवानांवर एका लष्करी रुग्णालयात नव्या उपचाराची चाचणी चालू होती. बातमीसाठी मी तिथे बसलो होतो. डॉक्टर पाच शब्द वाचून दाखवत आणि दहा मिनिटांनी ते पुन्हा विचारत.

समोर साताऱ्याकडचा एक हवालदार होता. घेतलेला चहाही त्याला तासाभरानं आठवत नसे. शेजारी त्याची बायको बसली होती.

"सांगा, हवालदारसाहेब."

"विहीर, घोंगडी, आरसा, लिंबू, रस्ता."

तिचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

"ताई, हे मागच्या महिन्याचे. आजचे वेगळे होते."

"बदलता व्हय? मी रोज सकाळी घोकून घेतले की त्यांच्याकडनं!"

"चुकलं का गं?" हवालदारानं तिला विचारलं.

"तुमचं न्हाई, माझं चुकलं."

डॉक्टरांनी रकान्यात शून्य लिहिलं.

सीमेवरच्या माणसाची वाट पाहायची रीत तिला ठाऊक होती. तेव्हा फोन यायचा, सुट्टीची तारीख कळायची, एसटी स्टँडवर जाता यायचं. आता तो रोज समोर जेवायला बसतो आणि तरी ती त्याची वाटच पाहते. ही वाट पाहायला कुठे जाऊन उभं राहायचं, ते कुणी सांगत नाही.

"पर डाक्टर, ते शब्द महिनाभर ऱ्हायले न्हवं डोक्यात?"

"राहिले खरे," डॉक्टर म्हणाले.

"मग लिवा की कुठंतरी."

त्यासाठी रकाना नव्हता. डॉक्टरांनी कागद उलटला आणि कोऱ्या बाजूवर ते शब्द लिहायला घेतले. पाचवा लिहून होईपर्यंत तिनं पेनावरची नजर हलवली नाही.